पाच नंबरची टगबोट

धुक्याच्या रात्री मी रेडिओवर एवढंच म्हणालो,
'टग फाय, तयार.'
पलीकडच्या जहाजावर ते 'फायर' ऐकू आलं.
भोंगा वाजला. बावीस माणसं
लाइफ जॅकेटं चढवून कठड्याशी उभी,
एकाच्या पायात तर चप्पलही नव्हती,
आणि सगळे खाली माझ्याकडे बघतायत,
मी नेमका कुठे पेटलोय ते शोधत.

हायफाँग बंदर आठवडाभर हसलं.
डिझेल भरणारा पोरगासुद्धा
बादली घेऊन आला विझवायला.

मग कंपनीने हा मास्तर दिला, फोनमधला.
त्याला चहा लागत नाही, झोप लागत नाही,
राग येत नाही.
'पुन्हा म्हणा,' म्हणतो, बाईच्या आवाजात.
मी म्हणतो. तो माझा शब्द रंगवून दाखवतो,
पुढची अक्षरं हिरवी, शेवटचं लाल.
अडतीस टक्के.

खोट अशी, की आमच्या बोलीत
शब्द उंबऱ्यापर्यंत येतो
आणि आतूनच दार लोटून घेतो.
लाइट, लाइक, लाइफ, माझ्या तोंडी सगळ्यांचं लाय.
शेपूट टाकून पळालेल्या पाली.
पाचाला आम्ही म्हणतो 'नम', वर्षालाही 'नम'.
तीस नम झाले मला या नदीवर, नम नंबरच्या बोटीवर,
मोठ्या जहाजांना कान धरून धक्क्याला आणतोय,
आणि आजवर कुणाची
वर्षं आणि बोटी यांत गल्लत झाली नाही.

'वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा.'
बाई, वरचे दात आणू कुठून?
ते दोन एका तुटलेल्या दोराने नेले,
ऐन थंडीत, एका लोखंडवाहू जहाजाच्या नाकाखाली.
असतील गाळात,
कुठल्यातरी माशाने इंग्रजी शिकायला नेले असतील.
यंत्राला तोंड दिसत नाही, नुसते कान आहेत त्याला.
'छान प्रयत्न,' ते म्हणतं. 'पुन्हा.'

मग दातांच्या जागी अंगठ्याचं नख लावलं.
भरतीची वाट बघत, इंजिन बंद,
फाइव्ह. फाइव्ह. फाइव्ह.
थिएम, माझा इंजिनवाला, वर येऊन म्हणतो,
'ख्वातकाका, अंगठा चोखताय?'
त्यालाही बसवला समोर. बत्तीसच्या बत्तीस शाबूत त्याचे,
मिळाले एक्केचाळीस टक्के.
घरी भात मागताना
शब्दाच्या टोकाला एक 'व्ह' चिकटून आला.
बायको म्हणाली, 'माशी गेली का तोंडात?'

चौथ्या आठवड्यात एकाहत्तर.
फोनमध्ये टाळ्या वाजल्या.
मी मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं,
ओला दोर, आणि थिएमची वाळत घातलेली बनियन.

परवा पुन्हा धुकं.
कोरियाचं जहाज, वर बघितलं तर नुसती भिंत,
भिंतीला शेवट नाही.
अंगठा लावला. 'टग फाइव्ह, तयार.'
सगळाच्या सगळा गेला शब्द, शेपटासकट.
थोडी खरखर. मग एक म्हातारा आवाज,
अंधारात पायरी चाचपत उतरावं तसा,
'टग पाइबू. टग पाइबू. गुड मॉर्निंग.'

खिशातला मास्तर चालूच राहिला होता.
त्याने त्या आवाजालाही मार्क दिले, सत्तावीस.
आणि लगेच, न रागावता,
'वरचे दात खालच्या ओठावर...'

मी फोन काढून नकाशावर पालथा घातला.
अंगठा विजारीला पुसला.
'येस, कॅप्टन,' म्हणालो, 'पाइबू.'
थिएमने दोर अडकवला,
आणि तो ताणत गेला, ताणत गेला,
अंगातलं पाणी पिळून टाकत.